बापू समुद्राला भ्याला नव्हता

ओंकार, सानिका,

पुढच्या शनिवारी तुम्ही बोनेअर बेटाच्या विमानात बसाल. त्याआधी आजीचं हे पत्र वाचा. दोघांनी एकत्र बसून वाचा आणि सानिकाने मोठ्याने वाचावं. ओंकारचं मराठी अडखळतं, आणि यातला एकही शब्द सुटलेला मला चालणार नाही.

बापूमामाच्या दहाव्याला, पुणतांब्याच्या घाटावर, आपलं शेत बघणाऱ्या संजयने तुमचा निरोप मोबाईलवर लावला. "आमचा बापूमामा पंचक्रोशीतल्या एकूण एक विहिरीत उतरला, पण समुद्राचं नाव काढल्यावर घाबरला." जमलेले लोक डोळे पुसता पुसता हसले. गुरुजीसुद्धा हसले. तुम्ही प्रेमानेच बोललात, हे मला कळतं. पण गेल्या रविवारी सानिका म्हणाली की बोनेअरच्या किनाऱ्यावर हेच वाक्य म्हणून तुम्ही त्याच्या नावाने पाण्यात उतरणार आहात. तेव्हापासून मला चैन नाही.

ते वाक्य खरं नाही. खरं काय ते बापूला आणि मला माहीत होतं. तो असेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं होतं. ती मुदत आता संपली.

तुम्हाला समोर बसवून सांगायला लागले तर मी शाळेतल्यासारखी बोलेन आणि स्वतःला सोयीचं तेवढंच सांगेन. म्हणून यापुढचं सगळं मी माझ्या भावाशी बोलणार आहे. तुम्ही ऐका.

बापू,

व्हरांड्यातल्या खिळ्यावर तुझा हिरव्या नळीचा तुकडा अजून लटकतो आहे. झाडांना पाणी घालायच्या नळीतून तू तो हातभर कापून घेतलास, म्हणून मी तुला बोलले होते. एका हाताने नाक दाबायचं, नळी तोंडात धरायची आणि खुर्चीत बसून श्वास घ्यायचा, सोडायचा. अशी तुझी रोज सकाळी पाव तास तालीम. समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी स्कूटर थांबवून मला विचारलं, "बाई, भावाला दमा आहे का?" तू नळी काढून म्हणालास, "न्हाई ओ. परदेशी चाललोय."

सानिकाने सांगितलेला पहिला नियम तुझ्या गळी उतरतच नव्हता. पाठीला हवेची टाकी असते, तिची नळी तोंडात असते, आणि पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नसतो. रोखून वर आलं तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. "बापूमामा, दम धरायचा नाही. घेत राहा, सोडत राहा." तू फोन जवळ ओढलास. मग म्हणालास, "पोरी, जलमभर मी दमावर जगलो. आता म्हनतीस दम धरू नको. मग पान्यात करू काय, गप्पा मारू?"

पोरांनी तुझं काम लहानपणी पाहिलं आहे, तरी त्यांच्यासाठी लिहिते. विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाच्या खालच्या टोकाला एक झडप असते. आपल्याकडे तिला फुटवॉल म्हणतात. पाइपात चढलेलं पाणी ती परत खाली जाऊ देत नाही. तिच्यात काडी-कचरा अडकला किंवा तिचं चामडं झिजलं की मोटार नुसती घुमते, पाणी वर येत नाही. मग माणसं लावून अख्खा पाइप ओढून काढायचा, नाहीतर बापूला बोलवायचं. तू कमरेला पाना बांधून एका दमात तळाला जायचास. मी काठावर बसून आकडे मोजायचे. लहानपणापासून आपली हीच वाटणी होती. मला कधी पोहता आलं नाही आणि तुला कधी शाळेत बसता आलं नाही. आपल्या वडिलांनी, दादांनी, दोघांनाही नगरला वसतिगृहात ठेवलं होतं. मी राहिले. तू दोनदा पळालास आणि दोन्ही वेळा घरी न सापडता नदीत सापडलास. तिसऱ्यांदा दादांनी नाद सोडला. तू म्हणायचास, "एका घरात एकाला इंग्लिश आलं की पुरे."

त्यामुळे घरातले सगळे फॉर्म माझ्याकडे आले. सोसायटीचे, वीजबोर्डाचे, तुझ्या पासपोर्टचे. मी भरायचे आणि सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायचे. तू फुली बघून सही करायचास. एकदा बँकेतला साहेब तुला म्हणाला, "काका, वाचून तरी बघा." तू म्हणालास, "तिची फुली म्हंजी माझं वाचून झालं." त्याची मला किती ऐट होती!

जूनमध्ये पोरांचा फोन आला. तू त्यांना विहिरीत पोहायला शिकवलंस, आता ती तुला समुद्रात नेणार होती. ह्यूस्टनहून आम्ही येतो, तुम्ही दोघं या, कॅरिबियनमधलं एक बेट ठरवू, आजी किनाऱ्यावर बसेल आणि मामा आमच्याबरोबर खाली येईल. डिसेंबरात जायचं ठरलं, कारण नोव्हेंबरपर्यंत तिकडे वादळांचे दिवस. मी दुसऱ्याच दिवशी नवी वही काढली, पट्टी घेतली आणि रकाने आखले. डावीकडे बेटांची नावं. वर एकेका रकान्याला नाव: पाण्यात उतरायचं कसं, पाण्याला ओढ किती, तळ किती खोल, वादळाचं भय, दवाखाना किती लांब. पोरं व्हिडिओ पाठवायची. मी वाचून वहीत उतरवायचे. तू माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघायचास आणि एका वाक्यात माझ्या तीन रकान्यांचं काम करायचास.

कोझुमेलला पाण्याला इतकी ओढ की माणूस पोहत नाही, वाहत जातो आणि होडी वरून मागे मागे येते. तू म्हणालास, "ह्यो पाट हाय. पाटात म्हशी पवत्यात, मानूस न्हाई."

बेलीझच्या समुद्रातलं ते प्रसिद्ध गोल निळं विवर ओंकारला फार आवडलं होतं. तू स्क्रीन लांब धरून पाहिलंस. "ह्यो आड हाय. वरून निळा दिसतोय म्हंजी तळाचा पत्त्या न्हाई. आडात उतरायचं ते पडलेली बादली काढायला. मजा करायला न्हाई."

ग्रँड केमनला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्राचा तळ एकदम तुटतो आणि सरळ भिंत खाली जाते. "ही न बांधलेली हीर," म्हणालास. पण माझा कौल केमनला होता. बेट मोठं, शहर मोठं, दवाखाना मोठा.

आणि बोनेअर. तिथे होडी लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळा रंग दिलेले दगड ठेवलेले असतात, त्यांच्यावर जागेचं नाव. तिथे गाडी थांबवायची, टाकी पाठीला लावायची आणि चालत चालत पाण्यात शिरायचं. तू तो व्हिडिओ तीनदा बघितलास. "आक्का, ही बारव हाय. पायरी पायरीनं उतरायचं, पायरी पायरीनं वर यायचं. कुनाच्या होडीची वाट बघायला नको." मग दगडांकडे बोट दाखवून म्हणालास, "आन म्हसोबा बी हाय जागोजाग. आपन शेंदूर लावतो, त्यांनी पिवळा लावलाय."

आपलं भांडण महिनाभर चाललं. मी केमन म्हणायचे, तू बोनेअर. शेवटी मी वही तुझ्यासमोर आपटली. दवाखान्याचा रकाना मी लाल शाईने भरला होता. तू त्यावर बोट ठेवून म्हणालास, "तू बेट बघतीस का दवाखाना?"

मी वही मिटली. मी दवाखाना का बघत होते, ते तुला माहीत होतं.

मार्चमध्ये आपण शेतावर गेलो होतो. संजय म्हणाला, "काका, मोटार पानी उचलंना. उद्या मानसं लावून पाइप काढतो." तू सदरा-धोतर काढून माझ्याकडे दिलंस. मी म्हटलं, "बापू, वय काय तुझं?" "पान्याला वय इचारतंय कोन?" असं म्हणून तू पायऱ्या उतरलाससुद्धा. संजय मोटारसायकलवर गावातून नवा फुटवॉल घेऊन आला, तुझ्या हातात देऊन मोटारीच्या खोलीकडे गेला. तू पाण्यात दिसेनासा झालास. मी काठावर बसून मोजायला लागले.

तू चार वेळा खाली गेलास. पूर्वी हे काम दोन बुड्यांत व्हायचं. चौथ्या वेळी मी बेचाळीसपर्यंत आले तेव्हा तुझं डोकं वर आलं. तू हात हलवून 'बसला' अशी खूण केलीस, मी ओरडून संजयला सांगितलं, तू शेवटच्या पायरीवर येऊन बसलास, आणि तुझी मान एका बाजूला पडली.

मी हाक मारली. मग संजयला हाक मारली, पण खोलीत मोटार सुरू झाली होती. त्या विहिरीच्या पायऱ्या म्हणजे कडेतून बाहेर आलेले नुसते दगड. हाताला धरायला काही नाही. मी तीस वर्षांत त्या उतरले नव्हते. बसून, एकेका दगडावर सरकत मी खाली आले आणि सरकताना मोठ्याने आकडे मोजत होते. का, ते सांगता येणार नाही. मोजणं थांबलं तर तू पाण्यात जाशील असं काहीतरी डोक्यात होतं. नव्वदच्या पुढे कुठेतरी माझा हात तुझ्या पाठीला लागला. तुझा एक पाय पाण्यात गेलेला होता. ओलं अंग, धरायला काही नाही. मी तुझ्या चड्डीचा नाडा मनगटाला गुंडाळून, दगडाला पाठ लावून बसले.

तू डोळे उघडलेस. आधी माझ्याकडे पाहिलंस, मग नाड्याकडे. "सोड की आक्का. ह्या वयात अब्रू घेतीस काय?"

मला हसू आलं नाही. तुलाही आलं नव्हतं. तू पाण्यातला पाय वर घेतलास, मग म्हणालास, "पोटात काय नव्हतं म्हनून झालं. कुनाला सांगायचं न्हाई."

"डॉक्टरकडे चल."

"कुनाला न्हाई म्हंजी कुनाला न्हाई. पान्याला हात लाव."

मी वाकून पाण्याला हात लावला आणि शब्द दिला.

आता जुलैमधली ती दुपार. डायव्हिंगच्या दुकानाने प्रकृतीचा फॉर्म पाठवला होता. दोन पानं. प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकटी, एक हो, एक नाही. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालं आहे का, फिट येते का. मी एकेका 'नाही'च्या चौकटीत खूण करत खाली आले. मग तो प्रश्न आला. कधी भोवळ येऊन शुद्ध हरपली आहे का?

तू आत झोपला होतास. तुला उठवून विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक होतं. म्हणून मी उठवलं नाही. मी पेन हातात धरून बसले आणि मला एकच दिसत होतं. तू चाळीस फूट खाली आहेस, एका बाजूला ओंकार, दुसऱ्या बाजूला सानिका, आणि तुझी मान पडते. पोरांना कळेपर्यंत किती आकडे होतील? तिथे मी काठावर असेन. नाडा धरायला कुणी नसेल.

मी 'हो'च्या चौकटीत खूण केली. पेनाने. मग नेहमीसारखी पेन्सिलीने खाली फुली मारली आणि तू उठल्यावर कागद तुझ्यापुढे ठेवला. तुझा माझ्यावर जो विश्वास होता, त्याच्याच आडून मी हे केलं. चाळीस वर्षं शिकवलेलं इंग्रजी मी त्या दुपारी तुझ्यावर चालवलं.

तू कागद बघितलास. मग उठलास, आत गेलास, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून चष्मा घेऊन आलास, तो धोतराने पुसलास आणि डोळ्यांना लावलास. मला वाटलं, फुली फिकट उमटली असेल. तू सही केलीस. म्हणालास, "अक्षर झकास हाय तुझं."

पुढे काय झालं ते पोरांना अर्धवट माहीत आहे. दुकानाने डॉक्टरचा दाखला मागितला. नगरच्या डॉक्टरांनी तुझ्या छातीला एक यंत्र दिवसभर बांधून ठेवलं, कागद बघितले आणि समुद्रात उतरायला नाही म्हटलं. गोळ्या दिल्या. रिक्षातून सावेडीला घरी येताना तू बाहेर बघत होतास. मी मनाशी वाक्य जुळवत होते. गेटपाशी उतरताना तू म्हणालास, "पोरांना मी सांगतो."

रविवारी फोन आला. फोन माझ्या हातात होता. तुला फोन नीट धरता यायचा नाही म्हणून मी तो धरायचे, तू बोलायचास.

"काय रं वाघा," तू ओंकारला म्हणालास. "माझं काय खरं न्हाई बाबा. मी काय येत न्हाई."

"का? डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टरचं काय न्हाई. मलाच भ्याव वाटतंय. लई मोठं पानी हाय त्ये. आपल्याला आपली हीर बरी."

पलीकडे ओंकार हसत सुटला. "बापूमामा! तू? तू घाबरलास? सानू, ऐक, मामा समुद्राला घाबरला!"

"व्हय की. भ्यालो. काय म्हननं हाय?"

तूही हसत होतास. माझ्या हातातला फोन हलला असावा, कारण सानिका म्हणाली, "आजी, नीट धर ना, मामा दिसत नाही." मी नीट धरला. त्यापलीकडे मी काहीही केलं नाही, बापू. तोंड उघडायचं, दोन वाक्यं बोलायची. मी मुख्याध्यापिका होते. पाचशे मुलांपुढे माझा आवाज कधी अडला नाही.

फोन ठेवल्यावर मात्र मला आवाज फुटला. "असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? आक्कानं शब्द मोडला म्हनून?"

मी खुर्चीत बसले. "तुला माहीत होतं?"

"चष्मा लावला हुता की. सगळ्या खुना एका रांगेत, आन एकच रांगेबाहेर. उसाच्या सरीत एक रोप वाकडं असलं तरी दिसतंय मला. त्येला इंग्लिश लागत न्हाई."

"पोरं माझ्यावर चिडली असती, एवढंच ना? चिडू दे. तू खोटं बोललास."

"तू खरं लिवलंस, मी खोटं बोललो. फिट्टंफाट."

तिथे मी तुझे पाय धरायला हवे होते. तू धाकटा असलास तरी. पण मला राग आला. तू मला वाचवलंस याचाच राग आला. मी म्हटलं, "मला तुझे उपकार नकोत. पुढच्या रविवारी मी सांगणार आहे." तू पहिल्यांदाच आवाज चढवलास. "मी हाय तवर सांगायचं न्हाई! पोरं तिकडं एकली असत्यात. त्यांना तू लागतीस. मला हसली तर हसू दे."

मी सांगितलं नाही. चार महिने दर रविवारी ओंकार विचारायचा, "काय म्हणतो आमचा घाबरट मामा?" आणि तू म्हणायचास, "हाय बाबा, काठावर हाय." मी तुझ्याकडे बघायचे. तू मान हलवायचास. एका रविवारी मी "ओंकार, ऐक," असं म्हटलंसुद्धा, आणि तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलास. अंगठ्याचं नख काळं पडलं. ते आता निम्मं वाढून निघालं आहे.

तुझा चष्मा टेबलावर आहे आणि मला विचारायचं राहिलं ते एवढंच आहे. तुला दिसलं होतं, तर तू सही का केलीस? कागद फाडता आला असता. 'हे खोड' म्हणता आलं असतं, आणि तू म्हणाला असतास तर मी खोडलं असतं. मला स्वतःची खात्री आहे, मी खोडलं असतं.

कधी कधी वाटतं, तू फक्त माझ्या फुलीचा मान ठेवलास. आणि कधी कधी मला ओंकार सहा वर्षांचा असतानाचा उन्हाळा आठवतो. पाठीला पत्र्याचा डबा बांधून तो काठावर उभा होता आणि उडी मारेना. गावात अशा पोराला मागून ढकलतात. संजयचा बाप ढकलायला आलासुद्धा होता. तू त्याचा हात धरलास. ओंकार रडत म्हणाला, "मला भीती वाटते." तू त्याच्याशेजारी पायरीवर बसलास, त्या दिवशी दुपारपर्यंत, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तू त्याला म्हणालास, "भ्याव वाटतंय म्हनून सांगितलंस, शाना हायेस. न सांगनारं बुडतंय." तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून उडी मारली.

तेव्हा जुलैमध्ये तू फोनवर बोललास त्यातलं किती खोटं होतं, मला माहीत नाही. मार्चमधली ती पायरी तुलाही आठवत असणार. तुला भीती वाटली असेलही. वाटली असेल तर ती पाण्याची नव्हती. पोरांच्या हातात तुझा हात असताना तुझी मान पडेल, याची होती. ती माझ्या भीतीहून वेगळी नव्हती, आणि आपण दोघांनी ती एकाच कागदावर एकमेकांना न सांगता लिहिली. मी खूण केली, तू सही केलीस. असं झालं असेल का? तू सांगितलं नाहीस आणि मी रागावले होते म्हणून विचारलं नाही. मग एका सकाळी तू गेटचं कुलूप काढायला गेलास आणि तिथेच बसलास. मी धावत आले. या वेळी मी आकडे मोजले नाहीत.

आणखी एक गोष्ट पोरांसमोर सांगायला हवी. मी डॉक्टरांना विचारलं, मार्चमध्येच आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मला चांगलं वाटावं म्हणून म्हणाले असतील, किंवा खरंच सांगता येत नसेल. पाण्याला हात लावून दिलेला शब्द मी शेवटी मोडलाच. मोडायचाच होता तर मार्चमध्ये, तुझ्या तोंडावर मोडायचा होता. जुलैमध्ये, तू झोपलेला असताना, इंग्रजीत नव्हे. तुझ्याकडून समुद्र गेला याचं मला दुःख आहे, पण पश्चात्ताप नाही. ते चार महिने मी उशीर केला, त्याचा आहे.

ओंकार, तू रडशील हे मला माहीत आहे. फार रडू नकोस. तुझ्या हसण्याने त्याला कधी दुखलं नाही. दुखायचं ते माझ्या गप्प बसण्याने मलाच दुखायचं. तुम्हाला माझ्यावर चिडायचं असेल तर चिडा. फोनवर चिडा, मी फोन नीट धरेन. बोनेअरला त्या पिवळ्या दगडापाशी त्याच्याबद्दल काय म्हणायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शिकवणार नाही. फक्त पाण्यात शिरताना चालत, एकेक पाऊल टाकत शिरा. त्याला बेट आवडलं होतं ते तेवढ्यासाठीच.

बापू, तुझ्या-माझ्या भांडणात बेट तुझंच ठरलं. वहीत केमनपुढची माझी खूण मी खोडली आहे. दवाखान्याचा रकाना तसाच ठेवला आहे, पोरं जाणार आहेत.

काल संजयला फोन केला. विहिरीला पाणी किती आहे विचारलं. म्हणाला, "आत्या, वरून सातव्या पायरीला हाय." मोटार? "काकानं फुटवॉल बसीवल्यापासनं येकदा बी तरास न्हाई. बटन दाबलं की पानी."

तू चौथ्या बुडीत बसवलेली ती झडप जागेवर आहे. मोटार बंद असते तेव्हाही पाइपात वरपर्यंत पाणी उभं असतं.